केबलचा ॲम्प्लिफायर: आधी इनपुट मोजा, मग गेनला हात लावा

मिरजेतल्या एका चार मजली इमारतीत मी एकाच तक्रारीसाठी तीनदा जिना चढलो होतो. चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणायच्या, "बाळा, बातम्या लावल्या की चौकोन पडतात रे, आवाजही तुटतो." दर वेळी मी गच्चीच्या दाराजवळच्या ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती मोठा करतो तो आकडा, थोडा वाढवायचो, त्यांच्या टीव्हीवर चित्र आलेलं बघायचो आणि निघायचो. तिसऱ्या वेळी गेन पूर्ण उघडला, खालच्या फ्रिक्वेन्सी दाबून ठेवणारा इक्वलायझरही शून्यावर आणला. आजींचं चित्र आलं, पण तासाभरात दुसऱ्या मजल्यावरून फोन आला की इंटरनेट बंद पडलंय. तिथल्या मोडेमचे चॅनेल खालच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात होते आणि तो पट्टा मी नको इतका फुगवून ठेवला होता.

त्या दिवशी पहिल्यांदा मीटर ॲम्प्लिफायरच्या इनपुटला लावला. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या चॅनेलला जिथे लेव्हलचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा ८० च्या पुढे हवा, तिथे ४४ दिसला. लाइन उलटी धरून चालत गेलो. पाण्याच्या टाकीमागे एक जॉइंट होता, त्यावरची टेप उन्हाने सुटलेली. कनेक्टर उघडला तर आतून थेंबभर पाणी पडलं. मधल्या तारेभोवतीची जाळी काळी पडलेली, पिनेवर हिरवी बुरशी चढलेली. हातभर केबल कापून नवा कनेक्टर दाबला आणि गेन होता तिथे परत आणला. आजींच्या घरातले चौकोन गेले, मोडेमही चालू झाला.

खरं तर खूण पहिल्याच दिवशी समोर होती. आजींचं घर ॲम्प्लिफायरपासून सगळ्यात जवळ. टॅप म्हणजे मुख्य लाइनमधून घरांसाठी थोडा सिग्नल काढून देणारा तुकडा. पहिल्याच टॅपवरच्या घरात चित्र फुटत असेल, तर दोष पुढच्या वायरिंगमध्ये शोधण्यात अर्थ नसतो, तो ॲम्प्लिफायरच्या मागे, सिग्नल जिकडून येतो त्या बाजूला असतो. खालच्या मजल्यांवरही वरचे चॅनेल फुटत होतेच, त्यांनी फोन केला नव्हता एवढंच. ॲम्प्लिफायर आत येईल ते मोठं करतो, सिग्नल आणि गोंगाट दोन्ही. म्हणून खाली सांगितलेला क्रम मी आता मोडत नाही, आणि या कामात नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला तोच शिकवतो.

जिना चढण्याआधी पिशवीत काय हवं

मीटर असा हवा की जो लेव्हलबरोबर एमईआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे) आणि बीईआरही (किती बिट चुकतात) दाखवतो. नुसती लेव्हल दाखवणारा जुना मीटर डिजिटलच्या जमान्यात अर्धीच गोष्ट सांगतो. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून आणि पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत ३१ मार्च २०१३ पासून केबल डिजिटल झाली. त्याआधी सिग्नल खराब झाला की चित्रात मुंग्या यायच्या आणि ग्राहक आठवडाभर आधी सांगायचा. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि मग एकदम फुटतं. कडेलोटापासून आपण किती लांब आहोत, हे एमईआरच सांगतो.

बाकी सामान: ३, ६ आणि १० डीबीचे (डेसिबलचे) पॅड, म्हणजे सिग्नल तेवढा कमी करणारे तुकडे, ॲम्प्लिफायरला बसणारे इक्वलायझर, रिकामी तोंडं बंद करायला ७५ ओहमचे टर्मिनेटर मूठभर, चांगले कॉम्प्रेशन कनेक्टर आणि त्यांचं हत्यार, मल्टिमीटर, आणि न पुसणारा मार्कर. मार्कर कशाला, ते शेवटी येईल.

आकड्यांबद्दल एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. आपल्याकडे टीव्हीवाले डीबी मायक्रोव्होल्टमध्ये बोलतात आणि मोडेम डीबी मिलिव्होल्टमध्ये. दोन्हींत फरक बरोबर ६० चा. शून्य डीबी मिलिव्होल्ट म्हणजे ६० डीबी मायक्रोव्होल्ट. पुढे मी नुसतं "लेव्हल ८२" म्हटलं तर ते डीबी मायक्रोव्होल्ट समजा.

आधी वीज, मग सिग्नल

विजेच्या खांबाला लागून केबल गेली असेल तर हात लावण्याआधी टेस्टर लावा. पावसात, ओल्या गच्चीवर किंवा ढग गडगडत असताना ॲम्प्लिफायर उघडू नका. ग्राहक कितीही घाईवर आला तरी नाही म्हणा. ॲम्प्लिफायरच्या डब्याचं अर्थिंग सुटलेलं असेल तर आधी ते जोडा, कारण शेजारच्या घरातली विजेची गळती जाळीवरून आपल्या डब्यावर येऊ शकते. आपल्या धंद्यात शॉक बसतो तो बहुधा असाच.

ॲम्प्लिफायर दोन प्रकारे चालतात. इमारतीतला २३० व्होल्टवर, आणि लाइनवरचा केबलमधूनच येणाऱ्या साधारण ६० व्होल्ट एसीवर. लाइनवरच्या ॲम्प्लिफायरला शेवटच्या टोकाशी किती व्होल्ट पोचतात ते मोजा आणि डब्यावर लिहिलेल्या किमान आकड्याशी ताडून बघा. या विजेची लाट साध्या घरगुती विजेसारखी गोल नसते, त्यामुळे ट्रू आरएमएस मल्टिमीटर वापरा, साधा मीटर चुकीचा आकडा देतो. मग आतला डीसी तपासा, बहुतेक डब्यांत तो २४ व्होल्ट असतो. डीसी खाली आला असेल किंवा पॉवर सप्लायचा कपॅसिटर फुगला असेल, तर पुढचं काही ॲडजस्ट करण्यात वेळ घालवू नका. आधी सप्लाय बदला.

इनपुट: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ॲम्प्लिफायरच्या टेस्ट पॉइंटवर खरा आकडा मिळत नाही, कमी केलेला मिळतो. बहुधा २० डीबीने कमी, काही डब्यांत ३० ने. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, वाचा. म्हणजे टेस्ट पॉइंटवर ६२ दिसले तर खरी लेव्हल ८२. तसंच ॲम्प्लिफायरचं भरलेलं आउटपुट थेट मीटरला लावू नका. पन्नास-साठ चॅनेल एकदम आत शिरले की मीटर स्वतःच दबतो आणि एमईआर खोटा कमी दाखवतो.

दोन चॅनेल ठरवा, एक खालच्या टोकाचा आणि एक वरच्या. मी १२२ आणि ७४६ मेगाहर्ट्झ धरतो. दोन्हींची लेव्हल आणि एमईआर इनपुटला मोजा. या चार आकड्यांत निम्मं निदान होतं:

• खालचा चॅनेल ठीक, वरचा फार पडलेला: केबलमध्ये पाणी, किंवा केबल जुनी झालेली. मिरजेत हेच होतं.

• वरचा ठीक, खालचा पडलेला: मधली तार कुठेतरी नीट टेकत नाही. पिन आखूड कापली गेली किंवा कनेक्टर ढिला पडला. तुटलेल्या जागेवरून वरच्या फ्रिक्वेन्सी उडी मारून जातात, खालच्या अडकतात.

• दोन्ही सारखेच पडलेले: मागे कुणीतरी सिग्नल वाटणारा स्प्लिटर घातला, किंवा मागचा नोड (फायबरवरचा सिग्नल केबलवर उतरवणारा डबा) किंवा ॲम्प्लिफायर बिघडला.

• लेव्हल उत्तम पण एमईआर कमी: दोष आधीच मागे झालेला आहे. इथे काहीही फिरवलंत तरी तो जाणार नाही. मागे जा.

• मधलेच दोन-तीन चॅनेल खराब: बाहेरचा सिग्नल आत शिरतोय. ८८ ते १०८ ला एफएम रेडिओ असतो, आणि ७००, ८५०, ९०० च्या आसपास मोबाइल टॉवर. जाळी नीट न दाबलेला एखादा कनेक्टर शोधा.

कनेक्टरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच सुटतात. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट यायला हवा. मधली तार तोंडाबाहेर ३ मिलिमीटरच्या आसपास असावी. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. नुसता पक्कडीने चेपलेला कनेक्टर एक उन्हाळा टिकतो, पावसाळा टिकत नाही. बाहेरच्या जॉइंटआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोलातून गळून जातं.

कागदावर हिशोब, मग स्क्रूड्रायव्हर

केबल सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या खात नाही, वरच्या जास्त खाते. आरजी-११ ची, म्हणजे जाड, १०० मीटर केबल १२२ मेगाहर्ट्झला पावणेपाच डीबीच्या आसपास खाते आणि ७४६ ला १२. घरात जाणारी बारीक आरजी-६ तेवढ्याच लांबीला साडेसात आणि साडेअठरा खाते. दोन टोकांतला हा फरक भरून काढायचं काम इक्वलायझरचं. तो खालच्या चॅनेलना दाबतो, वरच्यांना बहुतेक तसंच सोडतो. गेन सगळ्यांना सारखाच वाढवतो. ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवा.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. नोडचं आउटपुट खाली ९४ आणि वर १००. तिथे टू-वे स्प्लिटर आहे, तो ४ खातो. पुढे १२० मीटर आरजी-११, ती खाली ५.६ आणि वर १४.४ खाते. म्हणजे आपल्या ॲम्प्लिफायरला खाली साधारण ८४ आणि वर ८२ मिळायला हवेत. मीटरवर एवढंच दिसलं तर लाइन निरोगी आहे. तीनपेक्षा जास्त कमी दिसलं, तर मी पुढे जात नाही, केबल शोधत मागे जातो.

आता आउटपुटला आपल्याला पुन्हा तेच हवंय, खाली ९४ आणि वर १००. वरचा चॅनेल मुद्दाम चढा ठेवतो, कारण पुढची केबलही वरच्यालाच जास्त खाणार. येताना खालचा २.८ ने जास्त आहे आणि जाताना ६ ने कमी हवाय, म्हणजे इक्वलायझर पावणेनऊच्या आसपास लागेल. तो स्वतः वरच्या टोकालाही १ डीबी खातो. ॲम्प्लिफायरचा गेन ३० असेल तर वरच्या चॅनेलचा हिशोब असा: ८१.६ मधून १ गेला, त्यात ३० मिळवले, ११०.६ झाले. हवेत १००. म्हणून इनपुटला १० किंवा ११ चा पॅड. याचाच अर्थ, मागच्या केबलने आणि स्प्लिटरने जेवढं खाल्लं तेवढंच हा ॲम्प्लिफायर परत करतो, त्याहून जास्त नाही. लाइनवरचा प्रत्येक ॲम्प्लिफायर असाच लागला पाहिजे.

फिरवण्याचा क्रमही ठरलेला ठेवा. आधी पॅड हिशोबाएवढा घाला. मग इक्वलायझर घालून दोन टोकांतला फरक ६ वर आणा. मग उरलेला एखाद-दुसरा डीबी गेनने जुळवा. छोट्या डब्यांत पॅड आणि इक्वलायझरऐवजी फिरवायचे स्क्रू असतात, तिथेही हाच क्रम. इक्वलायझर फिरवल्यावर लेव्हल हलते, म्हणून पुन्हा एकदा दोन्ही टोकं मोजा. ज्या आउटपुटवर लाइन जोडलेली नाही तिथे टर्मिनेटर लावा. उघडं तोंड सिग्नल परत फेकतं.

३ डीबीची परीक्षा

लेव्हल जुळली म्हणजे काम झालं असं समजू नका. इनपुट आणि आउटपुट, दोन्ही टेस्ट पॉइंटवर एकाच चॅनेलचा एमईआर मोजा. निरोगी, नीट लावलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये फरक एक डीबीच्या आत असतो. जास्त पडत असेल तर कारण दोनच: आत येणारा सिग्नल फार कमी आहे, किंवा बाहेर जाणारा फार जास्त. दोन्हींत टीव्हीवर चौकोनच दिसतात, आणि दोन्हींचा उपाय एकमेकांच्या नेमका उलटा आहे.

ओळखायला सोपी युक्ती आहे. इनपुटला ३ डीबीचा पॅड जास्तीचा घाला आणि आउटपुटचा एमईआर बघा.

एमईआर वाढला, तर ॲम्प्लिफायर दमलेला होता. लेव्हल कमी झाली तरी सिग्नल सुधारला. पॅड तसाच राहू द्या, अजून ३ घालून बघा. आउटपुट वाढवत नेलं की चॅनेल एकमेकांत मिसळून जी घाण तयार होते, ती सिग्नलपेक्षा वेगाने वाढते, म्हणून असं होतं.

एमईआर पडला, तर इनपुटच कमी आहे. पॅड काढा आणि मागे जाऊन सिग्नल वाढवा, इथे गेन वाढवून भागणार नाही. हिशोब साधा आहे: ॲम्प्लिफायरच्या आतल्या भागाला पोचणाऱ्या लेव्हलमधून त्याचा स्वतःचा गोंगाट, समजा ७, आणि ८ मेगाहर्ट्झच्या चॅनेलचा मूळ गोंगाट, साधारण ४, वजा करा. ७० पोचले तर ५९ उरतात, म्हणजे भरपूर. ४४ पोचले तर ३३, म्हणजे काठावर. मागे असाच आणखी एक ॲम्प्लिफायर असेल तर आणखी ३ गेले.

आणि काहीच बदललं नाही, तर हा ॲम्प्लिफायर निर्दोष आहे. एमईआर मागेच खराब झालाय.

मला ही परीक्षा फार मोलाची वाटते. तीन मिनिटं लागतात, आणि चांगला डबा उगाच बदलण्याचा ग्राहकाचा आणि आपला खर्च वाचतो.

मोडेमसाठी परतीची वाट

टीव्हीला सिग्नल घरात आला की पुरे. मोडेमला उत्तर परत पाठवायचं असतं, आणि ते ५ ते ६५ मेगाहर्ट्झमधून त्याच केबलवरून उलटं जातं. घरात कुणी बाजारातून साधा टीव्ही बूस्टर आणून लावला तर तो ही वाट बंद करतो. टीव्ही छान, मोडेम मेला. इंटरनेटची तक्रार आली की आधी विचारा, "नवीन काही लावलंत का?"

परतीचा हिशोब घराकडून सुरू होतो. आपल्या उदाहरणात ॲम्प्लिफायरनंतरचा पहिला टॅप २६ चा, म्हणजे सिग्नल २६ ने कमी करून देणारा, पुढे २५ मीटर आरजी-६ आणि घरात एक टू-वे स्प्लिटर धरा. परतीच्या फ्रिक्वेन्सीला यांची बेरीज साधारण ३१. ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी ७५ हवेत, तर मोडेमला १०६ लेव्हलने बोलावं लागेल, म्हणजे त्याच्या भाषेत ४६ डीबी मिलिव्होल्ट. हे छान बसतं. ॲम्प्लिफायरपासून नोडपर्यंत परतीचं नुकसान ७ च्या आसपास आहे आणि परतीचा सिग्नल मोठा करणारं मॉड्युल २० चं आहे, तेव्हा परतीच्या बाजूला १३ चा पॅड. नोडशी पुन्हा ७५ पोचतात.

परतीच्या वाटेचं खरं दुखणं गोंगाट. सगळ्या घरांची घाण एकाच नळात जमा होते. मिक्सर, जुन्या ट्यूबलाइटची चोक, स्वस्त चार्जर, सगळे ५ ते २० मेगाहर्ट्झमध्ये ओरडतात. टॅपच्या रिकाम्या तोंडांना टर्मिनेटर लावा, मोडेम नसलेल्या घरांच्या ड्रॉपवर, म्हणजे टॅपपासून घरात जाणाऱ्या केबलवर, खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा हाय-पास फिल्टर लावा. गोंगाट कुठून येतोय ते शोधायचं असेल तर टॅपचे ड्रॉप एकेक करून काढा आणि मीटरकडे लक्ष ठेवा. ज्याला काढल्यावर आकडा पडतो, ते घर. त्या घरी भांडायला जाऊ नका, बहुधा टीव्हीमागचा एक सुटलेला कनेक्टरच निघतो.

घरातली शेवटची मोजणी

सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात लांबचं, अशी दोन घरं निवडा. सेट-टॉप बॉक्सच्या जागी मीटर लावा, भिंतीतल्या सॉकेटवर मोजून परत फिरू नका. जवळच्या घरात आपला हिशोब खाली ६२, वर ६५ असा येतो. सगळी घरं ५५ ते ७० च्या मध्ये बसली पाहिजेत. क्वाम म्हणजे चॅनेलमध्ये डिजिटल माहिती भरण्याची पद्धत; ६४ क्वामला मी एमईआर किमान ३० धरतो आणि जास्त माहिती भरणाऱ्या २५६ क्वामला ३४. दुरुस्तीनंतरच्या चुका, म्हणजे पोस्ट-बीईआर, पाच मिनिटांत एकही नको. लांबच्या घरात कमी पडत असेल तर ॲम्प्लिफायर न वाढवता तिथला टॅप कमी आकड्याचा करा.

मोडेमचं पान बहुधा १९२.१६८.१००.१ वर उघडतं. येणारी लेव्हल उणे ७ ते अधिक ७ मध्ये आणि जाणारी ४० ते ४८ मध्ये असावी. तिथे दुरुस्त न झालेल्या चुकांचा आकडा आणि टी-३ टाइमआउट, म्हणजे मोडेमच्या हाकेला वेळेत उत्तर न आल्याच्या नोंदी, लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. स्थिर राहिले तर लाइन शांत आहे. चढत राहिले तर परतीची वाट पुन्हा तपासा.

ऊन आणि थंडी

केबल तापली की जास्त खाते, दर साडेपाच अंशांना साधारण एक टक्का. नागपुरात मे महिन्याची दुपार ४५ अंशांची आणि जानेवारीची पहाट १० ची धरली, तर २० डीबी खाणाऱ्या लाइनमध्ये सव्वा डीबीचा फरक पडतो. ओळीने तीन लाइन असतील तर पावणेचार. म्हणून भर दुपारी आउटपुट काठोकाठ लावू नका, थंडीत ते वर उसळतं. दोन-तीन डीबी जागा सोडा.

आता तो मार्कर. झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा: तारीख, इनपुटचे दोन आकडे, पॅड, इक्वलायझर, आउटपुटचे दोन आकडे, परतीचा पॅड. पुढच्या वेळी कुणीही झाकण उघडलं की आधी इनपुट मोजायचं आणि या ओळीशी ताडायचं. इनपुट पडलं असेल तर काहीही न फिरवता लाइन धरून मागे चालत जायचं. मिरजेच्या त्या डब्यात आता पाच ओळी झाल्यात. शेवटची ओळ मी लिहिलेली नाही, माझ्याकडे शिकलेल्या मुलाची आहे: इनपुट ८४ आणि ८१, पॅड १०, आणि पुढे बारीक अक्षरात, "टाकीमागचा जॉइंट कोरडा आहे, बघून आलो."